टाकलेल्या ओळी

मला नोकरीवर घेताना त्यांनी कॉम्प्युटर उघडलाच नाही. ड्रॉवरमधून लग्नपत्रिकांचा रबर लावलेला गठ्ठा काढला, त्यातल्या पाच पत्रिका पत्त्यांसारख्या टेबलावर पसरल्या आणि म्हणाले, "ह्या पाचांत एक माणूस पाची ठिकाणी हाय. हुडक."

मी बी. ई. कॉम्प्युटर, पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेली. लग्न होऊन कोल्हापुरात आले म्हणून इथं अर्ज टाकलेला. मला वाटलं, हा माणूस एक तर वेडा आहे, नाही तर माझी चेष्टा करतोय. रागारागाने पत्रिका वाचायला घेतल्या. एकीत तो निमंत्रक होता, दुसरीत मुलीचा मामा, तिसरीत नवऱ्या मुलाचा बाप, चौथीत खाली बारीक टाइपातल्या भावकीत. पाचवीत काही सापडेना. दहा मिनिटांनी मी ती पत्रिका ढकलून दिली आणि म्हटलं, "यात तो नाही."

"हाय की. छापखानेवाला." पत्रिकेच्या अगदी तळाशी प्रेसचं आणि तिच्या मालकाचं नाव होतं. मी ते वाचलंच नव्हतं, कारण पत्रिकेचा तो भाग कुणीच वाचत नाही. "कुठल्या घरात माणूस काय म्हणून उभा हाय ते आधी बगायचं. नाव मागनं. कधीपासनं येतीस?"

अशी मी लागले.

आमची कंपनी म्हणजे उद्यमनगरातल्या एका लेथच्या कारखान्यावरचा मजला. खाली दिवसभर लोखंड कातलं जायचं आणि वर आम्ही आठ जण दवाखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळायचो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एक ट्रस्ट. त्या ट्रस्टने जिल्ह्यात वेगवेगळ्या वेळी पाच दवाखाने चालवायला घेतले होते, आणि प्रत्येक दवाखाना आपला जुना डेटाबेस घेऊनच नांदायला आला होता. एक ओरॅकलवर, दोन मायएसक्यूएलवर, एक अ‍ॅक्सेसवर आणि पाचव्याचा सगळा कारभार एक्सेलच्या फाइलींत. एका ठिकाणच्या पेशंटची माहिती दुसऱ्या ठिकाणी दिसली पाहिजे, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पाच जावांना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावून बघा, मग कळेल.

ऑफिसात बाकी सगळे 'सर' होते. मला पत्रिका वाचायला लावणारे ते एकटे आण्णा.

आण्णा हद्दीवरच्या गावचे. घरी कानडी, आमच्याशी मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. साठी ओलांडलेली, कपाळावर विभूतीची फिकट रेघ, शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक टेस्टर. टेस्टर कशाला, ते कधी सांगितलं नाही आणि कधी वापरलेलाही पाहिला नाही. शिक्षण किती, हेही शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "पुरंल एवढं हाय."

डेटाबेसची नावं त्यांना चालत नसत. "ओरॅकल बंद पडलंय," असं म्हटलं की विचारायचे, "कोण ओरॅकल? नदीकाठच्या सिस्टरचं म्हण की." प्रत्येक डेटाबेस त्यांच्या लेखी तो भरणाऱ्या माणसाचा होता. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात प्रत्येक दवाखान्याला एक पान, आणि पानावर कोष्टकांची नावं नसायचीच. तिथं भरणाऱ्या माणसाचं नाव, जेवायची वेळ आणि कुठला रकाना भरायचा त्याला कंटाळा येतो, हे लिहिलेलं. एका पानावर मी वाचलं होतं: "दुपारी तीननंतर वय अंदाजाने." मी खूप हसले. मग आकडे काढून बघितले. सकाळी त्या दवाखान्यात तेहेतीस, सत्तेचाळीस अशी वयं यायची आणि तीननंतर सगळं गाव तीस, चाळीस, पन्नास वर्षांचं व्हायचं.

दोन ठिकाणची माहिती एका ओळीत आणून बसवणं, याला आमच्या धंद्यात जॉइन म्हणतात. आण्णा सोयरीक म्हणायचे. आणि घर बघितल्याशिवाय सोयरीक करायची नाही, हा त्यांचा नियम. नवा दवाखाना जोडायचा झाला की हा माणूस कागदी पुडीत भडंग घेऊन एसटीने निघायचा. दिवसभर तिथल्या ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसून राहायचा. फोन लागायचा नाही, मालक इकडे कावलेले. संध्याकाळी परत आल्यावर विचारावं, "काय झालं आण्णा?" तर सांगणार, "चांगली माणसं हायत."

आमच्या मालकांशी त्यांचं एकाच गोष्टीवरून कायमचं वाजायचं. मालक तरुण, हुशार. त्यांचं म्हणणं, पाचही ठिकाणची माहिती रोज उचलून आणून एका मोठ्या कोठारात भरावी, म्हणजे कटकट मिटली. सगळं जग तेच करतं. आण्णांना ते पटायचं नाही. "दुसऱ्याच्या हिरीचं पाणी आपल्या हंड्यात आणून ठिवलं की ते शिळं व्हायला लागलंच. ज्याचं हाय त्याच्या दारात जाऊन इचारा. ताजं मिळतंय."

आणि नुसतं म्हणून थांबले नव्हते, त्यांनी तसं करून ठेवलं होतं. आपण एक प्रश्न टाकायचा. तो पाच ठिकाणी पाच बोलींत जायचा, प्रत्येक डेटाबेसला कळेल अशा भाषेत, आणि आलेली उत्तरं एका पानावर मांडली जायची. माहिती ज्याच्या त्याच्या घरीच राहायची. हे करणारी विकतची सॉफ्टवेअर आहेत हे मला माहीत होतं. पण पाचव्या दवाखान्याच्या एक्सेलच्या फाइलीला कानडीमिश्रित मराठी रकान्यांसकट प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर जगात एकच होतं, आणि ते आण्णांनी लिहिलेलं होतं. मी पुण्यात मोठ्या पदव्यांची माणसं पाहिली. इतकं शहाणं काम पाहिलं नाही, हे आजही सांगते.

त्रासही तितकाच. लिहिलेल्या प्रोग्रामबद्दल एक ओळ टिपण ठेवतील तर शपथ. विचारावं तर म्हणायचे, "वाच की. मराठीतच हाय." आणि खरंच, आतल्या नावांत 'जावई', 'भाचा' असले शब्द. कुणाला समजावं?

लागल्यावर तिसऱ्या महिन्यात मी एक पराक्रम केला. पेशंट ओळखायला आडनाव आणि जन्मतारीख पुरेशी आहे, असं ठरवून मी रात्रंदिवस खपून पाच दवाखान्यांतली माणसं जुळवली. दुसऱ्या दिवशी एका पाटलांना त्यांच्या रिपोर्टात गरोदर असल्याचं दिसलं. मी घाबरून आण्णांकडे गेले. त्यांनी माझी यादी बघितली आणि इतके हसले की खालचा लेथवाला वर येऊन बघून गेला. निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून होती.

"अगं, शाळेत घालताना गुरुजींनी टाकल्याली तारीख ती. निम्मा म्हाराष्ट्र एक जूनला जन्माला आलाय. माझाबी वाढदिवस त्योच."

मग मी तो नाद सोडला. जन्मतारखेऐवजी पूर्ण नाव, म्हणजे स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव, आणि जोडीला मोबाइल नंबर, यांवर जुळवणी बसवली. चारही जुळली तरच एक माणूस. शिवाय एक गाळणी लावली: लस दिल्याच्या नोंदीत पहिल्या दोन सुया नसताना एकदम तिसरी दिसली, तर ती ऑपरेटरची चूक धरून बाजूला टाकायची. रिपोर्ट कसे स्वच्छ यायला लागले. ट्रस्टने कौतुकाचं पत्र पाठवलं. आण्णांनी पत्र वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. तेव्हा मला ते खवट वाटले.

पुढे दीड वर्षाने, नागपंचमी होऊन काही दिवस झाले होते, सोमवारी सकाळी ट्रस्टच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हद्दीजवळच्या दवाखान्यातला लशींचा फ्रीज मध्यंतरी तीन दिवस बंद पडून आपोआप चालू झाला होता, आणि तपमानाची नोंद तपासताना ते आत्ता उघडकीला आलं होतं. कुत्रं चावल्यावर द्यायची लस त्याच फ्रीजमध्ये होती, आणि ती तशीच लोकांना टोचली गेली होती. लस खराब झाली असेल तर त्या माणसाला सुया घेऊनही काही राखण नाही. आणि तो रोग एकदा अंगात उठला की औषध नाही. ज्यांना ज्यांना ती लस मिळाली, त्या प्रत्येकाला शोधून पहिल्यापासून सुया द्यायच्या होत्या.

लशींचा साठा एका डेटाबेसात, पेशंट दुसऱ्यात. आण्णांनी प्रश्न टाकला आणि वीस मिनिटांत अडतीस माणसांची यादी आली. त्यात त्याच दिवशी सकाळी नऊला सुई घेऊन गेलेला एक म्हाताराही होता. मालकांच्या कोठारात तो दुसऱ्या दिवशी उगवला असता. 

मंगळवारी दुपारपर्यंत सदतीस माणसं सापडली. राहिली एक. महादेवी, वय सव्वीस, गाव नेसरीच्या पलीकडे. डाव्या पोटरीला खोल चावा. तिला चावलेलं कुत्रं दोनच दिवसांत पिसाळून मेलं होतं. म्हणजे कुत्र्याबद्दल शंकाच नव्हती. तिने पहिल्या दोन सुया त्या फ्रीजमधल्या घेतलेल्या. दिलेला मोबाइल भावाचा, आणि तो बंद.

त्या गावच्या आशाताईंनी घरी जाऊन बघितलं आणि फोन केला. "घराला कुलूप हाय. भाऊ आईबाला घिऊन बेळगावला गेलाय, डोळ्याच्या आपरेशनला. पोरगी पंचमीला म्हायेरला आलती, तवाच चावलं. आता सासरला गेली असंल."

"सासर कुठलं?"

"कुरुंदवाडच्या अंगाला दिलीया. गाव काय ध्यानात न्हाय बगा."

"सासरचं आडनाव?"

"न्हाय ओ. लग्नात तर नावबी बदललंय तिचं. आमी आपलं महादेवीच म्हणतोय."

मी महादेवी नावाने पाचही दवाखाने पालथे घातले. हद्दीजवळच्या त्या दोन सुयांपलीकडे कुठेही काही नाही. मालकांना जाऊन सांगितलं की ती कुठल्याच सिस्टिममध्ये नाही. मालक म्हणाले, "अडतिसात सदतीस मिळाले म्हणजे झालं की चांगलं काम. गावात निरोप ठेवलाय, भाऊ आला की कळेल." ते काही वाईट गृहस्थ नव्हेत. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. मी जेवणाचा डबा उघडला.

आण्णा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तिसरी सुई सातव्या दिशी असत्या. ती पोरगी सासरला गेली, तर तिथं घेतली असंल की."

"घेतली असती तर दिसली असती, आण्णा."

"तुला दिसली न्हाय. टाकल्यालं दाखव."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. माझी गाळणी ज्या ओळी बाजूला टाकायची, त्या एका फाइलीत साठत होत्या. दीड वर्षात ती फाइल मी एकदाही उघडली नव्हती. आता उघडली. दोनशे बारा ओळी होत्या, सगळ्या लशींच्या मिळून.

"या सगळ्या चुकीच्या नोंदी आहेत," मी म्हटलं.

त्यावर आण्णा जे भडकले, त्यातलं निम्मं कानडी होतं म्हणून बरं. कळलेलं निम्मं असं: "चुकीच्या कोण म्हणतंय? माणूस दवाखान्याच्या दारात आलंय, हातावर सुई घेतलीया, सिस्टरनं सोताच्या हातानं लिवलंय. आणि तू हितं पंख्याखाली बसून म्हणतीस, असं कोण न्हायच?"

मी त्या ओळींत शोधलं. त्या आठवड्यातल्या, कुत्र्याच्या लशीच्या तीनच ओळी होत्या. एक म्हातारा, एक शाळकरी मुलगा आणि एक बाई. नाव पूजा. वय सव्वीस. नदीकाठचा दवाखाना. महादेवीच्या पहिल्या सुईपासून मोजून सातवा दिवस.

नाव वेगळं. मधलं नाव वेगळं, कारण तिथे बापाच्या जागी नवरा. आडनाव वेगळं. मोबाइल नवऱ्याचा. लग्नात बाईचं जे जे म्हणून बदलतं, नेमक्या त्याच चार गोष्टींवर मी माणूस ओळखत होते.

आण्णांनी नदीकाठच्या सिस्टरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सिस्टर, कुत्रं चावल्याली पूजा म्हणून कोण आलती, ध्यानात हाय का?"

"व्हय की आण्णा. मीच दिलो की सुई. म्हायेरला गेल्यावर चावलं म्हणाली. पयल्या दोन तिकडंच घेतल्यात, पण कागद तिकडंच इसरलाय म्हणाली. म्हणून मी तिसरीच लिवलो. काय चुकलं काय माझं?"

"तुमचं काय चुकलं न्हाय," आण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, ते त्यांचे उपकार. "कुठं चावल्यालं?"

"पोटरीला. डाव्या."

त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "तू बोल. बाईमाणसानं बोलल्यालं बरं."

नवऱ्याने फोन उचलला. तो रानात होता. घरी जाऊन फोन देतो म्हणाला. तो अर्धा तास मी कसा काढला, माझं मला ठाऊक. डबा तसाच उघडा पडलेला. एकदाचा फोन आला, आणि पलीकडून बारीक आवाजात "हॅलो" ऐकू आलं.

मी म्हटलं, "पूजाताई, तुमचं लग्नाआधीचं नाव महादेवी होतं का?"

 मागे कुणीतरी भांडी घासत होतं, त्यांना तिने आधी थांबायला सांगितलं. मग ती म्हणाली, "व्हय. तुमी म्हायेरच्या हायसा?"

मला हो म्हणावंसं वाटलं. मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, घाबरवलं नाही, पण आत्ताच्या आत्ता निघा म्हटलं. नवऱ्याने गाडी काढली. दीड तासाने सिस्टरचा फोन आला, "दिलो बगा सुई. डॉक्टरबाई सोता हुत्या." पुढच्या सगळ्या सुया तिने वेळेवर घेतल्या. आण्णा तीन महिने दर सोमवारी सिस्टरला फोन करून तिची चौकशी करायचे. तिला काही झालं नाही. अजून नदीकाठी आहे, मजेत आहे.

त्या दिवशी मात्र ऑफिसात नुसता जल्लोष. मालकांनी पेढे मागवले, आणि स्वतःच्या हाताने पहिला पेढा आण्णांना द्यायला आले. आण्णांनी पेढा घेतला, कागदावर ठेवला आणि मला विचारलं, "किती म्हणालीस टाकल्याली?"

"दोनशे बारा."

"एक निगाली. ऱ्हायल्याली दोनशे अकरा कोण हायत?"

मालक म्हणाले, "आण्णा, त्यात त्या फ्रीजमधल्या लशीचं आता कोणी नाही. बाकी जुन्या, साध्या नोंदी आहेत. एवढी गरज आहे का?" आण्णांनी पेढा बाजूला सारला. फोन जवळ ओढला.

अकरा दिवस आम्ही दोघं तेच करत बसलो. ते ओळ वाचायचे, मी फोन लावायचा, विचारायचं, पहिल्या सुया कुठे घेतल्या होत्या, आणि तेव्हा नाव काय होतं. ऑपरेटरची खरोखरची चूक अशा सात-आठच निघाल्या. बाकी सगळी जितीजागती माणसं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या बाया, ऊसतोडीला गाव सोडलेली जोडपी, नोकरीसाठी इचलकरंजीला गेलेली पोरं. निम्म्याहून जास्त, सासरी गेलेल्या मुली. मी रोज घरी जाऊन भाकरी थापताना त्या बायकांचे आवाज आठवत बसायची. आपण हुशार आहोत, ही माझी समजूत त्या अकरा दिवसांत बरीच उतरली, आणि उतरली ते बरंच झालं.

नवव्या दिवशी दुपारी आण्णांनी पुढची ओळ घेतली. "कावीळ ब. तिसरी सुई. पयल्या दोनची नोंद न्हाय. कोल्हापूरचा दवाखाना. बाई, वय एकोणतीस." मग त्यांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला.

ते माझं नाव होतं. नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, सगळं बरोबर.

माझा हात फोनवर होता, तो मी काढून घेतला. दोन सुया मी लग्नाच्या आधी घेतल्या होत्या, तिसरी लग्नानंतर इथे येऊन. आठवत होतं की मला सगळं. गाळणी लिहिताना मात्र एकदाही आठवलं नव्हतं. मला रडू आलं, आणि आण्णांसमोर रडायची लाज वाटली नाही.

त्यांनी मला रडू दिलं. मग पेन उघडून नेहमीच्याच आवाजात विचारलं, "पयल्या दोन कुठं घेतल्यास?"

"माहेरी. मलकापूरच्या दवाखान्यात."

"तवाचं नाव?"

मी सांगितलं. स्वतःचं, बाबांचं, आडनाव. लग्न झाल्यापासून ते पूर्ण नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होते.

आण्णांनी ते वहीत सावकाश लिहून घेतलं, त्याच्यापुढे टिक मारली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"सापडली," ते म्हणाले. "फुडचा नंबर लाव."